पाठीवरचं पुरळ

१२ जानेवारी, रविवार

पाठ जळते आहे! उताणं होता येत नाही, म्हणून पालथा पडून लिहितो आहे. अक्षर वाकडं येणार.

आज पाठ साफ केली. ‘पश्चिम श्री’ ही शरीरसौष्ठवाची स्पर्धा येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी. आमच्या व्यायामशाळेच्या जयवंत सरांचा नियमच आहे — स्पर्धेच्या आधी एकदा सगळ्या अंगाचे केस काढून त्यांच्यासमोर उभं राहायचं. केस असतील तर सर बघतच नाहीत. म्हणतात, “जंगलात रस्ते दिसत नाहीत.” मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा, आणि त्यावर रंग.

छाती, हात, पाय ज्याचे त्याने करायचे. पाठीला मात्र दुसरा माणूस लागतोच. व्यायामशाळेत प्रत्येकाचा पाठीचा माणूस ठरलेला असतो. माझा सिद्धेश. आठवीपासून एका बाकावर बसलो. मी अकरावीत सोडलं, त्याने बारावीत. त्याची पाठ मी करतो, माझी तो. दुसऱ्या कोणाच्या हातात रेझर असताना मी पाठ फिरवून बसूच शकणार नाही.

या वेळी रेझर नको म्हणाला. गेल्या वर्षी माझ्या पाठीवर खुंट राहिले आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी बसला. म्हणून त्याने क्रीम आणलं. वहिनीचं. खोक्यावर गुलाबी फूल. मी मागचं सगळं वाचून दाखवलं — आधी थोड्या जागेवर लावून एक दिवस थांबा, पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, त्यावर लगेच रेझर फिरवू नका.

“ए मास्तर, तू वाचत बस. परीक्षा आहे का?”

त्याने जाड थर दिला. तेवढ्यात देवेश बाथरूममध्ये आला. देवेश म्हणजे आमच्या व्यायामशाळेचा हिरा, पंचाहत्तर किलोच्या गटात. दोघांचं बोलणं सुरू झालं — चिकन उकडायचं की वाफवायचं. मला चुरचुरायला लागलं. म्हटलं, “सिद्ध्या, धू ना रे.” — “थांब यार, तुझे केस काय केस आहेत? काथ्या आहे काथ्या!” वास इतका की देवेश नाक धरून पळाला. मग धुतलं. मध्येमध्ये केस राहिलेच होते, तर वरून रेझर फिरवला. आणि त्यावर तुरटी!

मी ओरडलो तर हसत होता. मग मीही हसलो.

१३ जानेवारी

आरशाकडे पाठ करून मोबाइलमध्ये फोटो काढला. मानेखालपासून कमरेपर्यंत लाल दाणे. खांद्यांवर जास्त. काहींच्या टोकाला पांढरं.

दिवसभर कामावर शर्ट चिकटत होता. आमच्या युनिटमध्ये बरण्यांची झाकणं तपासायचं माझं काम. एका जागी बसून. खुर्चीला टेकलो की चटका बसायचा. पुढे वाकून बसलो तर सुपरवायझर म्हणतो, “काय रे मिथुन, पोटात दुखतंय?”

सिद्धेशला फोटो पाठवला. त्याचं उत्तर — हसणारी तीन तोंडं आणि “उतरेल रे”.

१४ जानेवारी, संक्रांत

आईने तिळगूळ दिला आणि पाठीवर थाप मारली. मी कळवळलो. मग शर्ट काढायला लावला.

“अरे देवा! ह्या काय करून घेतलंस?”

सगळं सांगितलं. ती हसली. निधी — माझी धाकटी बहीण — तर लोळलीच. “दादा, बायका दर महिन्याला सोसतात हे. तुझ्यासारखं कोणी रडत नाही.” आईने खोबरेलात हळद कालवून लावली. थोडं बरं वाटलं. पण आता लाल दाणे पिवळ्या पाठीवर आहेत. यावर रंग कसा बसायचा?

विचार करतो आहे, सरांना आधीच सांगावं का. सर ओरडतील. पण उपाय सांगतील. तीस वर्षं पोरांच्या पाठी पाहताहेत.

१५ जानेवारी

क्रमाने लिहितो.

संध्याकाळी व्यायामशाळेत गेलो तर कोणी व्यायाम करत नव्हतं. सगळे उभे. मध्ये श्यामकांत काका. ते सोसायटीचे सेक्रेटरी, आणि व्यायामशाळेचा हॉल सोसायटीचा. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत एक सुई आणि एक छोटी रिकामी बाटली. बाथरूममध्ये फ्लशच्या टाकीमागे सापडली म्हणे, प्लंबरला.

सुई! म्हणजे शरीर झटपट फुगवायचं इंजेक्शन. आमच्याकडे! सरांनी दारावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आहे — “सुईवाल्यांना प्रवेश नाही.” ते अक्षर माझं आहे.

काका ओरडत होते. “जयवंतराव, पोरं घडवताय का मारताय? माणूस कळला नाही तर उद्या कुलूप लावतो हॉलला. सांगून ठेवतो.”

सर शांत होते. म्हणाले, “सगळ्यांनी बनियन काढा.”

का ते सगळ्यांना कळलं. सुई घेणाऱ्याच्या पाठीवर, खांद्यांवर दाणे येतात. हे आमच्यात लहान पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत आहे, आणि तरी तीन दिवसांत एकदाही डोक्यात आलं नाही!

सगळ्यांनी काढलं. मी शेवटी काढलं.

कोणीतरी “आयला” म्हणालं. काका म्हणाले, “हे बघा. हे काय आहे मग?”

मी म्हणालो, “क्रीम लावलं होतं. केस काढायचं.” मागून कोणीतरी खिदळलं — “क्रीम! बायकांचं!” मी म्हणालो, “सिद्धेशला विचारा. त्यानेच लावलं.”

सिद्धेश खाली वाकला. बुटाची नाडी बांधायला लागला. ती बांधलेलीच होती.

काका म्हणाले, “मित्राला काय विचारायचं? मित्र मित्रासारखंच बोलणार.” पण तो तेही बोलला नाही. देवेशकडे पाहिलं, बाथरूममध्ये तोही आला होता, वास त्यालाही आला होता. तो आरशासारखी पाठ घेऊन उभा, छताकडे बघत.

सर जवळ आले. माझ्या खांद्यावर एक बोट ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता कळणार. आता म्हणतील, अरे हे तर साधं पुरळ आहे.

म्हणाले, “कपडे घाल, मिथुन. घरी जा.”

१६ जानेवारी

सिद्धेशला सकाळपासून फोन करतो आहे. वाजतो. उचलत नाही.

१७ जानेवारी

व्यायामशाळेच्या फळ्यावर सूचना लागली आहे. ओजसने फोटो पाठवला. तो नवा मुलगा आहे, त्याला काही कळत नाही, म्हणून त्यानेच पाठवला.

“मिथुन यास शिस्थभंगामुळे निलंबीत करण्यात आले आहे. पश्चिम श्री स्पर्धेतून नाव मागे.”

‘शिस्त’. ‘निलंबित’, बि ऱ्हस्व. फळा लिहायचं काम माझं. चार वर्षं त्या फळ्यावर एक चूक नाही. आता माझ्याच नावाखाली दोन.

वाचून आधी हेच डोक्यात आलं. मग रडलो.

साठ किलोच्या गटात आमच्याकडून मी एकटाच होतो. नाव मागे घेतलं म्हणजे तिथे कोणीच नाही. रिकामी जागा चालते, मी नाही.

१८ जानेवारी, शनिवार

अर्धी सुट्टी काढून पालिकेच्या दवाखान्यात गेलो. त्वचेच्या डॉक्टर बाई तरुण आहेत. खुर्चीला पाठ न टेकता बसलो तेव्हाच हसल्या. “काय लावलंस?”

क्रीमचं खोकं त्या दिवसापासून माझ्याच पिशवीत होतं, ते बरोबर नेलं होतं. त्यांनी वाचलं, पाठ पाहिली, वास घेतल्यासारखं केलं. म्हणाल्या, “आधी जळलं, मग त्यावर ब्लेड, मग तुरटी, मग घाम, मग तेल. काही राहिलंय का?” केसांच्या मुळाशी सूज आली आहे म्हणाल्या. खाजवू नको, तेल-हळद बंद, सैल सुती कपडे, घामाचं काम काही दिवस नको. एक मलम लिहून दिलं.

मी विचारलं, “मॅडम, लिहून द्याल का, की हे इंजेक्शनचे दाणे नाहीत?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुझी पाठ पाहिली, ते लिहिते. केस काढल्यानंतरची जळजळ. तू काय घेतलंस, काय नाही, ते मी पाठ बघून कसं लिहू?”

बरोबर आहे त्यांचं. पण मला वाटत होतं, कोणीतरी नुसतं बघून म्हणावं — हा मुलगा खोटं बोलत नाही.

१९ जानेवारी

सकाळी सरांकडे गेलो. व्यायामशाळा रविवारी दुपारपर्यंत बंद, म्हणून एकटे होते. डंबेल पुसत होते. मी डॉक्टरांचा कागद दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. नीट घडी करून परत दिला.

“डॉक्टरला तू खोकं दाखवलंस, तिने खोकं लिहिलं.”

मी म्हणालो, “रक्त तपासा माझं. लघवी तपासा. आज, आत्ता. तुम्ही म्हणाल तिथे येतो.”

“नको त्या भानगडीत पडू नकोस.”

“सर, पण मी घेतलंच नाही तर भानगड कसली?”

त्यावर त्यांनी डंबेल ठेवलं. माझ्याकडे असं बघितलं — रागाने नाही. बाबा गेले तेव्हा बघितलं होतं तसं. बाबांना खांदा द्यायला सर सगळ्यात पुढे होते. त्यानंतर मला व्यायामशाळेत त्यांनीच बोलावलं, नाहीतर मी त्या वर्षी घराबाहेरच पडत नव्हतो. त्या माणसाने असं बघितलं की मीच क्षणभर विचारात पडलो. खरंच घेतली की काय मी?

“मिथुन, चूक कबूल केली की माणूस मोठा होतो. वेळ घे.”

चालत घरी आलो. चारकोपचा सरळ रस्ता, पण दोनदा चुकीच्या सेक्टरात वळलो.

२१ जानेवारी

सर काल घरी येऊन गेले. मी कामावर होतो.

आईने आज सांगितलं. काल रात्रभर तिला सांगायचं होतं म्हणे. तिने त्यांना चहा दिला, पोहे दिले. ते म्हणाले, “वहिनी, पोरगा चांगला आहे. संगतीने घसरला. मारू नका, बोलू नका. फक्त त्याच्याकडून खरं काढा.”

आई माझ्यासमोर बसली. माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

“खरा काय ता सांग. घेतलंस काय रे?”

“आई, तू स्वतः हळद लावलीस! तुला सांगितलं नव्हतं मी? हसली होतीस तू!”

“तेव्हा माका काय म्हायत?”

“म्हणजे आता तुला वाटतं की—”

“सर खोटा कित्याक बोलतले?”

खरंच, सर खोटं का बोलतील? मलाही सुचत नाही. म्हणून तर मी त्यांच्यावर चिडू शकत नाही. त्यांनी पाठ पाहिली, पाठीवर दाणे आहेत. माझीच कातडी माझ्याविरुद्ध साक्ष देते आहे, तर त्यांचा काय दोष?

दोष एकाचाच. ज्याने क्रीम लावलं त्याचा. एक वाक्य! “सर, मी लावलं.” तीन शब्द नाहीत त्याच्या तोंडात.

निधी आतून म्हणाली, “आई, दादाला सुईची भीती वाटते. टायफॉइडचं इंजेक्शन घ्यायला दोन माणसं धरायला लागली होती.” आई तिला म्हणाली, “तू गप.”

२२ जानेवारी

खाज. आजपासून खाज. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या की बरं होताना खाजेल. भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासावीशी वाटते. घासली नाही.

२३ जानेवारी

सिद्धेश भेटला. भेटला म्हणजे मी गाठला. डेअरीसमोर बाईकवर बसून अंडी बांधून घेत होता. मला बघितल्यावर चावी फिरवली. मी चावीवर हात ठेवला.

“बोल.”

“काय बोलू?”

“तुला माहीत आहे काय ते. माझी पाठ कोणी केली?”

“मिथ्या, सोड ना यार. स्पर्धा होऊ दे. मग बोलू.”

“तुझी स्पर्धा. माझी नाही.”

तो खाली बघत होता. डेअरीवाला अंड्यांची पिशवी घेऊन तसाच उभा. मी म्हणालो, “आईने डोक्यावर हात ठेवून विचारलं मला. तुझ्यामुळे. तुला आठवीत मराठीचा पेपर कोणी दाखवला रे? तुझ्या बाबांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हा कोणाकडे झोपलास?”

“तुला कळत नाहीये.”

“मग समजाव!”

“नाही समजावता येत.” त्याचे डोळे लाल झाले होते. मला बरं वाटलं. वाटू दे त्याला लाज. “हात काढ चावीवरून. प्लीज.”

काढला. गेला. अंडी तिथेच विसरला.

मी म्हटलं होतं ना, दुसऱ्या कोणाच्या हातात पाठ देणार नाही? ज्याच्या हातात दिली त्यानेच हे केलं. इतरांनी निदान माझी पाठ कधी हातात घेतली नव्हती.

२५ जानेवारी, शनिवार

जायचं नव्हतं. गेलो.

मैदानात अगदी मागे, जनरेटरजवळ उभा राहिलो. तिथे आवाजामुळे कोणी थांबत नाही. साठ किलोचा गट लागला. पाच मुलं. तिघांपेक्षा माझे पाय चांगले आहेत. हे मी फुशारकीने लिहीत नाही, बघून लिहितो.

सिद्धेश पासष्टच्या गटात तिसरा आला. पाठ वळवली तेव्हा दिसलं — डाव्या बाजूला कमरेवर केसांचा एक पट्टा राहिलाय. रंगाखाली चमकत होता. दुसऱ्या कोणीतरी केली होती, घाईत. माझ्या हातून कधी राहिला नसता. एवढं वाईट वाटलं की काय सांगू. आणि मग वाटलं, बरं झालं.

देवेश किताबाचा मानकरी. सगळं मैदान उभं. सरांना स्टेजवर बोलावलं, शाल दिली. माइकवाला म्हणाला, “ही ती व्यायामशाळा, जिने आपल्याच खेळाडूला स्पर्धेच्या तोंडावर बाहेर काढलं, पण सुईला थारा दिला नाही!” टाळ्या. श्यामकांत काका पुढच्या रांगेत, सगळ्यात जोरात तेच वाजवत होते.

माझं नाव घेतलं नाही. पण माझ्या शेजारी दोन मुलं बोलत होती. “कोण रे तो?” — “आहे कोणीतरी. मिथुन. पाठ सडलीये म्हणे त्याची.”

माझी पाठ जनरेटरच्या पत्र्याला टेकली होती. आता दुखत नाही. फक्त गरम लागत होती.

२६ जानेवारी

झोपून होतो.

२८ जानेवारी

दाणे वाळले. जागोजागी काळे डाग. डॉक्टर बाई म्हणाल्या, हेही जातील, उन्हात जाऊ नको, वेळ लागेल. नवे केस यायला लागले आहेत. काही कातडीखालीच वळले आहेत. ते टोचतात.

कामावर सुपरवायझरने बाजूला घेतलं. “घरी काही प्रॉब्लेम? माझा पुतण्या म्हणत होता तू ते— बघ हां, मशीनवर नाहीस म्हणून ठीक आहे. काही नशापाणी असेल तर सांग.”

नशापाणी! सुईपासून नशापाण्यापर्यंत पोचलं. अजून आठवड्याने काय होईल?

३० जानेवारी

आई आज सरांकडे जाऊन आली. मला न विचारता.

म्हणाली, सर तयार आहेत. शनिवारी संध्याकाळी, मारुतीच्या आरतीनंतर, सगळ्यांसमोर माफी मागायची. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढंच. त्या दिवसापासून आत. पुढच्या महिन्यात मुलुंडला स्पर्धा आहे, तिथे साठ किलोत उतरवतो म्हणाले. श्यामकांत काकांनाही ते समजावणार.

“आणि मी केलंच नसेल तर?”

“बाबू, शब्दच तर आसत. तोंडातून काढूचे आणि मोकळा होवचा. लोक इसरतीत.”

निधी भडकली. “न केलेल्याची माफी? उद्या मला कोणी चोर म्हणालं तर मीही सॉरी म्हणू का?”

“तुका कोण विचारता? तुझो भाऊस घरात बसून सुकतासा, ता दिसता तुका?”

सुकतो आहे हे खरं आहे. काल टेप लावली. दंड उतरला आहे.

मी ठरवू शकत नाही. एकीकडे वाटतं, खोटं बोललो तर ते कायमचं खरं होईल. दुसरीकडे वाटतं, आताही सगळ्यांसाठी ते खरंच आहे. मग निदान आत तरी जाऊ दे. सकाळी उठून कुठे जायचं हेच कळत नाही मला. चार वर्षं पाय आपोआप तिकडे वळायचे.

आणि सरांनी दार उघडलं आहे. दुसरा कोणी असता तर कायमचं घालवलं असतं. मान खाली घालून बोलावं लागेल, पण बोलावणारे सर आहेत.

सिद्धेश तिथे असेल. असू दे. त्याने ऐकावं.

१ फेब्रुवारी, शनिवार

झालं.

आरती झाली. नारळ मी नेला होता, सरांनी फोडला. मग त्यांनी हात वर केला, सगळे गप्प. मी मारुतीच्या फोटोकडे तोंड करून उभा राहिलो. सर म्हणाले, “त्यांच्याकडे वळ. चूक त्यांच्यासमोर झाली.”

वळलो. सगळी ओळखीची तोंडं. देवेश सर्वांत मागे, दोरीवर टॉवेल वाळत घालत होता. ओजस तोंड उघडं टाकून बघत होता. काका दारात.

मी पाठ करून गेलो होतो — “माझ्याकडून चूक झाली. पुन्हा होणार नाही.” तेवढंच म्हणणार होतो. पण काका म्हणाले, “कसली चूक, ते स्पष्ट बोल.”

सरांकडे पाहिलं. मला वाटलं ते म्हणतील, राहू द्या. त्यांनी मान हलवली. बोल.

“मी सुई घेतली.”

आवाज माझाच होता. एकदम साफ. अडखळलो नाही. आयुष्यात इतकं स्वच्छ वाक्य मी सगळ्यांसमोर कधी बोललो नसेन, आणि तेच खोटं.

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. सरांनी मिठी मारली. पाठीवर हात फिरवला, सावकाश, जिथे दाणे होते तिथे. कानात म्हणाले, “शाब्बास.” मला रडू आलं. खरंच बरं वाटलं! लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

सिद्धेश टाळ्या सुरू व्हायच्या आधीच निघून गेला होता.

२ फेब्रुवारी

सिद्धेश आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा. म्हणाला, “तू का बोललास ते? तू नाही बोलणार असं वाटलं होतं मला.”

मी दार लावत होतो. त्याने हात मध्ये घातला.

“मी त्याच दिवशी सांगितलं होतं रे सरांना. पंधरा तारखेला, तू गेल्यावर, एकट्यांना गाठून. क्रीम मी लावलं, उशिरा मी धुतलं, वरून ब्लेड मी मारलं. मिथुनने काही घेतलेलं नाही.”

“मग?”

“म्हणाले, माहीत आहे मला. पाठ बघितल्यावरच कळलं. बाटली देवेशची आहे, तेही माहीत आहे. म्हणाले, देवेश गेला तर व्यायामशाळा गेली. मिथुनला मी नंतर सांभाळून घेतो. तू तोंड उघडलंस तर तूही बाहेर.”

तो गेला. मी दारातच उभा होतो. आतून आईने हाक मारली — घावने गरम आहेत, डबा भरलाय, सरांकडे पोचवून ये.

डबा माझ्यासमोर आहे. अजून गरम आहे.